बोइंग ७३७ चं अस्सल थ्रॉटल क्वाड्रंट घरच्या सिम्युलेटरसाठी उघडताना

मोडीत निघालेल्या विमानातलं थ्रॉटल क्वाड्रंट, म्हणजे दोन वैमानिकांच्या मधला इंजिनाचा जोर, फ्लॅप, स्पीडब्रेक यांच्या लिव्हरचा संच, घरी आलं की सगळं सुटं करावं, धुऊन-पुसून पुन्हा जोडावं, असं वाटणं साहजिक आहे. तो मोह आवरा. या यंत्राचा जीव लिव्हर, जोडदांड्या, कॅम, खाचा आणि ठोकरी यांच्या परस्पर जुळणीत आहे. ती जुळणी कारखान्यात जिगवर, म्हणजे भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यावर, बसवलेली असते. घरच्या टेबलावर एकदा मोडली की तशीच्या तशी परत बसत नाही. सिम्युलेटरला कळायला हवं ते फार थोडं: कोणता लिव्हर किती कोनात आहे आणि कोणतं बटण दाबलेलं आहे. त्यामुळे सेन्सर बसवायला जागा होईल इतकंच उघडायचं आणि तिथं थांबायचं. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

इथं ७३७ क्लासिक (३००, ४००, ५००) आणि त्यानंतरची नेक्स्ट जनरेशन मालिका धरली आहे, कारण मोडीच्या बाजारात हीच क्वाड्रंट्स जास्त दिसतात. एअरबस ए३२० चं युनिट वेगळ्या जातीचं आहे, त्याबद्दल दोन शब्द ओघात येतील.

विकत घेण्याआधी

विक्रेत्याकडून वरून काढलेले फोटो सगळेच देतात. तुम्ही खालच्या बाजूचा फोटो मागा. विमान तोडणारी माणसं घाईत असतात. केबल आणि वायरिंग कातरीने छाटतात, कधी कधी सांगाडाही करवतीने कापतात. लिव्हरच्या खाली असलेले ड्रम, म्हणजे क्लासिकमध्ये ज्यांच्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या पोलादी केबल गुंडाळलेल्या असतात ते, जागेवर असतील तर अर्धं काम सोपं झालं. ड्रम गेले असतील तर लिव्हरला खाली काही आधारच उरत नाही आणि तो भाग नव्याने घडवावा लागतो. दोन्ही ट्रिम चाकं (शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलणारी), त्यांच्या घडी होणाऱ्या मुठी, फ्लॅप लिव्हरची खाचांची पट्टी आणि उजेडाच्या प्लेट आहेत ना, हे एकेक करून विचारा. ट्रिम चाक नंतर सुटं मिळवणं महाग पडतं.

बिलावर ‘उड्डाणासाठी अयोग्य, केवळ प्रदर्शन किंवा प्रशिक्षणासाठी’ असा स्पष्ट उल्लेख घ्या. विमानात बसवण्याजोग्या भागासोबत सीए फॉर्म १ किंवा अमेरिकेतला ८१३०-३ असा दाखला असतो. आपल्याला त्याची गरज नाही, आणि तो नसलेला कोणताही भाग पुढे कधीही विमानाचा सुटा भाग म्हणून विकायचा नाही. परदेशातून मागवत असाल तर कुरिअरकडून वजन आणि सीमाशुल्क यांचा अंदाज आधीच लेखी घ्या. घरी जिन्यावरून नेताना दोघांनी सांगाड्याला धरून उचला. लिव्हरला धरून उचलल्यास दांडी वाकते, आणि वाकलेली दांडी पुढे खाचेत नीट बसत नाही.

हत्यारं: सगळा मामला इंचाचा

या यंत्रात मेट्रिक जवळजवळ काहीच नाही. सर्रास दिसणारा स्क्रू १०-३२ मापाचा असतो: व्यास ४.८३ मिमी, इंचाला ३२ आटे, म्हणजे अंतर ०.७९४ मिमी. आपल्याकडचा एम५ स्क्रू ५ मिमी व्यासाचा आणि ०.८ मिमी अंतराचा. फरक इतका फसवा आहे की एम५ एक-दोन आटे आत जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की अॅल्युमिनियममधले आटे कायमचे जातात. काढलेला प्रत्येक स्क्रू जपून ठेवा. हरवलाच तर त्याच मापाचा शोधा, जवळचा चालवू नका.

पानेही तसेच. १०-३२ च्या बोल्टला ३/८ इंची, म्हणजे ९.५२ मिमीचा पाना लागतो. १० नंबरचा पाना लावला तर कोपरे गोल होतात. पाव इंची बोल्टला ७/१६ इंची, म्हणजे ११.११ मिमी, ११ चा पाना त्यावर चढतच नाही आणि १२ चा फिरतो. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत इंची पान्यांचा संच मिळतो. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर टाकली तर जुने, दणकट इंची पानेही सापडतात, फक्त जबडा झिजलेला नाही ना ते बघून घ्या. याशिवाय: चांगल्या पोलादाचे दोन नंबरचे फिलिप्स बिट, टॉर्क-सेट बिट (चार फाटे एका रेषेत नसलेला क्रॉस दिसला तर तो फिलिप्स नव्हे, साधा ड्रायव्हर लावू नका), ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, पितळी पंच, व्हर्नियर, मल्टिमीटर, बारीक कटर आणि झाकणाच्या छोट्या डब्या.

हात लावण्याआधी कॅडमियमची ओळख करून घ्या. विमानातल्या पोलादी बोल्टवर, वायसरवर सोनेरी-इंद्रधनुषी झाक दिसते, तो बहुधा कॅडमियमचा मुलामा असतो. तो विषारी आहे. त्यावर कानस, पॉलिशपेपर, ग्राइंडर किंवा ज्योत चालवायची नाही. पांढुरकी भुकटी आलेली दिसली तर कोरड्या ब्रशने झटकू नका, साध्या व्हॅक्युमनेही ओढू नका. ती हवेत उडते. नायट्रिल हातमोजे आणि एन९५ मास्क लावून ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बंद करा, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे भाग कधीच धुवायचे नाहीत.

उघडण्याचा क्रम

पहिलं काम फोटो. चारही बाजूंनी, वरून, खालून, आणि प्रत्येक लिव्हर दोन्ही टोकांना असताना. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढा म्हणजे नंतर मापं घेता येतात. केबलचे कापलेले तुकडे ड्रमवरून लोंबत असतील. त्यांच्या सुटलेल्या तारा सुईसारख्या बोटात घुसतात, म्हणून चामडी हातमोजे घालून टोकांना टेप गुंडाळा. तुकडा काढायचा असेल तर ड्रमच्या खोबणीत बसलेला त्याच्या टोकाचा गोळा सरकवून बाहेर घ्या. ड्रमवर कटर किंवा छिन्नी चालवू नका.

मग थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर ठरवणारे) पूर्ण मागे, आयडलच्या म्हणजे कमीत कमी जोराच्या ठोकरीला लावा. ड्रमजवळ जुळणीच्या पिनेसाठी आरपार भोक सापडलं तर त्यात घट्ट बसेल अशी ड्रिल बिटची दांडी घाला. आता लिव्हर आणि ड्रम यांचं नातं पक्कं राहील, आणि नंतर सेन्सरचा शून्य बिंदू हाच धरायचा आहे.

ट्रिम चाकं सगळ्यात आधी निघतात, कारण बाजूची झाकणं त्यांच्या मागे अडकलेली असतात. चाकाच्या मधला नट सोडवण्याआधी लॉकवायर किंवा कॉटर पिन आहे का बघा. लॉकवायर कापताना तुकडे मोजून डबीत टाका, साधारण ०.८ मिमीची ती तार कॅमच्या फटीत पडली तर लिव्हर मध्येच अडतो आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. चाक ओढून निघत नसेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी घालून सारखा जोर द्या. एका बाजूने पेचकसाने उचकटलं की चाक वाकतं आणि फिरताना डुलत राहतं.

त्यानंतर उजेडाच्या प्लेट. या अॅक्रिलिकच्या असतात, वर रंग आणि आत बारीक दिवे. थिनर, पेट्रोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांपैकी काहीही लावलं तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ कापड पुरे. प्लेट उचलताना मागची वायर किंवा कनेक्टर ताणला जाणार नाही याकडे लक्ष द्या.

आता बाजूची झाकणं. इथं न निघणारा स्क्रू हमखास भेटतो. भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी इम्पॅक्ट ड्रायव्हरचा एक नेमका ठोका द्या. डोकं खराब झालं तर ५ मिमीच्या बिटने फक्त डोक्यापुरतं ड्रिल करा. डोकं सुटतं, झाकण निघतं आणि उरलेली दांडी लॉकिंग पक्कडीने फिरवून काढता येते. ड्रिलचा कीस ओल्या फडक्यावर पडू द्या, तो कॅडमियममिश्रित असू शकतो. गरम करून सैल करायचा उपाय इथं वर्ज्य.

जोडदांड्यांवर टेपर पिन दिसतील. दोन्ही टोकांचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि बारीक टोकाकडूनच पंच मारा. उलट बाजूने मारलं की पिन अधिक घट्ट बसते. इंची टेपर १:४८ असतो आणि मेट्रिक १:५०, म्हणून आपल्याकडची नवी पिन त्या भोकात पूर्ण भिडत नाही आणि लिव्हरला किंचित ढिलाई येते. सिम्युलेटरच्या पडद्यावर ती ढिलाई इंजिनाच्या आकड्यांत दिसते. शक्यतो पिनांना हात लावू नका.

काय उघडायचं नाही? फ्लॅप लिव्हरचा वर ओढायचा भाग, स्टार्ट लिव्हरचे खटके, स्पीडब्रेकची खाच, पार्किंग ब्रेकची कुलूपवजा यंत्रणा. या चारही ठिकाणी ताणलेल्या स्प्रिंग आहेत. त्या उडतात तेव्हा डोळ्याला इजा होऊ शकते, आणि परत बसवायला खास हत्यार लागतं. बाहेरून सिरिंजने पातळ तेल सोडा, लिव्हर वीस-पंचवीस वेळा फिरवा, बाहेर आलेला काळा चिकटा पुसा. बहुतेक वेळा एवढ्याने खटका पुन्हा स्वच्छ वाजतो.

थ्रस्ट लिव्हर आतून पोकळ असतात. त्यांतून टोगा (टेकऑफ/गो-अराउंड) आणि ऑटोथ्रॉटल बंद करण्याच्या बटणांच्या वायर जातात. हजारो वेळा वाकून त्या नेमक्या लिव्हरच्या बुडाशी तुटतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून बटण दाबा आणि लिव्हर हलवत राहा. मध्येच आवाज थांबला तर वायर बदला. जुनी ओढून काढताना तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेने आत नेता येते.

छाटलेल्या वायरिंगची टोकं १५० मिमी तरी राखा. प्रत्येक वायरवर छापील क्रमांक असतो. तो, ती कुठून निघते आणि कोणता मायक्रोस्विच बदलला की तिच्यावर बीप बदलतो, असा तक्ता करा. आत बरेच मायक्रोस्विच आहेत, कारण खऱ्या विमानात टेकऑफच्या धोक्याची घंटा, लँडिंग गिअरचा भोंगा असं बरंच काही लिव्हरच्या जागेवर अवलंबून असतं. आपल्याला सगळे नकोत. नको असलेले जोडू नका, पण काढूही नका. ते ज्या कॅमवर टेकलेले आहेत त्यांचा हाताला लागणारा स्पर्शही हवाहवासा आहे.

कोन मोजायचा कसा

७३७ मध्ये पुढचा जोर आणि रिव्हर्स (उतरल्यावर थांबण्यासाठीचा उलटा जोर) यांसाठी दोन वेगळे सेन्सर लागत नाहीत. थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलला की खालचा ड्रम एका दिशेने फिरतो. लिव्हर आयडलला ठेवून रिव्हर्सचा लिव्हर वर ओढला की तोच ड्रम उलट दिशेने. ड्रमच्या अक्षावर एक सेन्सर बसवा, मधला बिंदू आयडल. लिव्हर पुढे असताना रिव्हर्स उचलला जात नाही, तो यांत्रिक अडसरही आपोआप जिवंत राहतो.

बहुतेक जण इथं १० किलोओहमचा साधा पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा घटक) थेट लावतात आणि थ्रॉटल पायऱ्या-पायऱ्यांनी का चालतं म्हणून गोंधळतात. हिशोब करा: पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो, लिव्हर समजा ५० अंश. १० बिटच्या बोर्डावर १०२४ पैकी जेमतेम १७० पायऱ्या मिळतात. त्यात कार्बनचा ट्रॅक एकाच पट्ट्यात घासला जातो आणि नेमका आयडलजवळ आकडा थरथरू लागतो. १:४ चे गिअर किंवा दातेरी पट्टा लावून कोन वाढवता येतो. आमचं मत मात्र चुंबकीय सेन्सरच्या बाजूने आहे, कारण त्यात घासणारं काहीच नाही.

चुंबकाचा कोन वाचणारी एएस५६०० ही चिप स्वस्त आणि भरवशाची. १२ बिट, पूर्ण फेरीला ४०९६ पायऱ्या, म्हणजे ५० अंशांत ५६९. बसवताना पाच गोष्टी सांभाळा. चुंबक ६ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाड आणि व्यासाच्या दिशेने चुंबकित असावा. दिसायला तसाच असलेला अक्षाच्या दिशेने चुंबकित तुकडा लावला तर आकडा हलतच नाही. चुंबक थेट पोलादी दांडीवर चिकटवू नका, पोलाद त्याचं क्षेत्र ओढून घेतं. मध्ये नायलॉन किंवा पितळेचं बूश हवं. असं बूश भोसरीत कोणताही लेथवाला मापं दिली की फिरवून देतो. चुंबक आणि चिप यांत १ ते २ मिमी अंतर ठेवा. मॉड्यूलची दिशेची पिन ग्राउंडला जोडा, मोकळी राहिली की आकडा उलटसुलट होतो. आणि बूश असं फिरवून घट्ट करा की ४०९५ वरून शून्यावर येणारी उडी लिव्हरच्या प्रवासाबाहेर राहील.

एएस५६०० चा पत्ता कायमचा एकच असतो, म्हणून चार सेन्सर एका बोर्डाला लावायचे तर मध्ये टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर लागतो. वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा आणि मोटरच्या वायरींपासून लांब न्या.

नेक्स्ट जनरेशनच्या युनिटला मूळचा रिझॉल्व्हर (कोन मोजणारा विमानातला सेन्सर) जोडलेला आला तर त्याला ५ व्होल्ट डीसी देऊन काही मिळणार नाही. तो एसी उत्तेजनावर चालतो आणि साइन-कोसाइन असे दोन संकेत देतो. त्याला तसाच राहू द्या. ए३२० च्या युनिटमध्ये रिझॉल्व्हरबरोबर पोटेन्शिओमीटरही असतात. ते शाबूत असतील तर थेट वापरा. तिथं थ्रस्टच्या खाचा आयडलला ०, क्लाइंबला २५, फ्लेक्सला ३५ आणि टोगाला ४५ अंशांवर आहेत, त्यामुळे सेन्सर बरोबर बसला की नाही हे लगेच पडताळता येतं.

बोर्ड, बटणं, उजेड

दोन थ्रस्ट, स्पीडब्रेक आणि फ्लॅप असे चार अक्ष, आणि दोन टोगा, दोन ऑटोथ्रॉटल, दोन स्टार्ट लिव्हर, दोन स्टॅब ट्रिम कटआउट, पार्किंग ब्रेक, हॉर्न कटआउट अशी दहा बटणं: एवढं एका प्रो मायक्रो बोर्डावर मावतं, कारण त्याची एटीमेगा३२यू४ चिप संगणकाला जॉयस्टिक म्हणूनच दिसते. कोड लिहायचा नसेल तर लिओ बोडनारचा बीयू०८३६ए घ्या: १२ बिटचे आठ अक्ष आणि ३२ बटणं, फक्त त्याला पोटेन्शिओमीटर किंवा अॅनालॉग हॉल सेन्सर लागतो.

विमानातले मायक्रोस्विच २८ व्होल्टसाठी बनलेले असतात. ज्यांचे संपर्कबिंदू चांदीचे आहेत त्यांच्यावर कालांतराने काळा थर येतो, आणि बोर्डाच्या आतल्या पुल-अपमधून (पिनला पुरवठ्याशी जोडणारा रोध) वाहणारा मिलिअँपियरच्या अंशाइतका प्रवाह तो थर भेदू शकत नाही. मीटरवर स्विच ठीक, सिम्युलेटरमध्ये मात्र मधूनच गायब, अशी तक्रार दिसली की हे कारण समजा. बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला जोडा. ५ मिलिअँपियर वाहू लागतात आणि बहुतेक स्विच सुधारतात.

फ्लॅपच्या नऊ जागा आहेत: ०, १, २, ५, १०, १५, २५, ३०, ४०. त्यांमधले कोन समान नाहीत, पण सिम्युलेटर अक्षाचे समान भाग करतो. म्हणून प्रत्येक खाचेत लिव्हर ठेवून आकडा टिपा, शेजारच्या दोन आकड्यांच्या मध्यावर सीमा ठरवा, आणि कोडमधून ०, १२८, २५६ असे १२८ च्या टप्प्याने आकडे पाठवा, शेवटचा १०२३. एक आणि पंधराच्या अडसरांना हात लावू नका, गो-अराउंडच्या (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याच्या) वेळी हात आपोआप तिथं थांबावा यासाठीच ते आहेत.

उजेडाच्या प्लेट ५ व्होल्टच्या असतात, मूळचा पुरवठा एसी असला तरी तारेचे दिवे डीसीवर तितकेच पेटतात. पार्किंग ब्रेकचा दिवा मात्र बहुधा २८ व्होल्टचा. आधी छापील आकडा वाचा. ५ व्होल्टचा बारीक दिवा साधारण ६० मिलिअँपियर घेतो, असे चाळीस असले तर २.४ अँपियर झाले. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपियरचं. तपकीर गल्लीतून ५ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणा, पुढे ३ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका, कारण थंड तार पेटताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह घेते. मंद करायला आयआरएलझेड४४एन मॉसफेट पुरतो. एसएमपीएसची अर्थिंगची तार धातूच्या सांगाड्याला पक्की जोडा. मोठा धातूचा सांगाडा आणि २३० व्होल्ट शेजारी असताना इथं तडजोड नको.

ट्रिम चाक फिरवणं

गाडीच्या वायपरची मोटर पुण्यात सहज मिळते म्हणून ती लावायचा मोह होतो. तिच्यात वर्म गिअर आहे, त्यामुळे मोटर बंद असताना चाक हाताने फिरतच नाही. खऱ्या ७३७ मध्ये चाक हाताने धरता आणि फिरवता येतं. प्लॅनेटरी गिअरची १२ किंवा २४ व्होल्टची डीसी मोटर घ्या, दातेरी पट्ट्याने अक्षाला जोडा, मध्ये घसरणारा क्लच ठेवा. एल२९८एन ड्रायव्हर २ अँपियरच्या वर टिकत नाही आणि दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, बीटीएस७९६० लावा. सिम्युलेटरमधून आज्ञा घेण्यासाठी दुसरा बोर्ड, मेगा २५६० वर मोबीफ्लाइट (सिम्युलेटर आणि बोर्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर), सोयीचा पडतो. मोटर चालू असताना चाकाची मूठ नेहमी घडी करून आत ठेवा. उघडी मूठ गुडघ्यावर जोरात बसते, आणि घरात लहान मूल असेल तर मोटरच्या वायरीत हाताशी येणारा बंद करण्याचा स्विच हवाच.

शेवटचा हात

केबल नसल्याने लिव्हर सैल पडतात, मध्यावर सोडले तर आपोआप घसरतात. ड्रमभोवती चामड्याची किंवा फेल्टची पट्टी गुंडाळून तिचं टोक स्प्रिंग आणि स्क्रूने ताणा. मुठीला सामान तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. १ किलोच्या आसपास सुरुवात करा आणि दोन्ही लिव्हरचा आकडा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवा. एक हलका, एक जड राहिला तर दोन्ही इंजिनांचा एन१ (पंख्याच्या वेगाचा आकडा) कधी जुळत नाही. ग्रीस फक्त बेअरिंगमध्ये, पातळ लिथियमचं. भेदक तेल वंगण म्हणून ठेवू नका, ते उडून जातं आणि मागे चिकटा सोडतं.

कॅलिब्रेशन झाकणं लावण्याआधी करा. आयडलची पिन घालून आकडा टिपा, मग पूर्ण पुढे, मग पूर्ण रिव्हर्स. कोडमध्ये आयडलच्या दोन्ही बाजूंना ५-६ पायऱ्यांचा मृत पट्टा ठेवा, नाहीतर धावपट्टीवर उभं असताना रिव्हर्स आपोआप अर्धवट उघडतो. सिम्युलेटरमधले संवेदनशीलतेचे वक्र सरळ रेषेत ठेवा. वक्र दुरुस्ती सेन्सरच्या जागी करायची असते. नंतर पिन काढायला विसरू नका.

पावसाळ्यात कापलेल्या पोलादी कडांवर आठवड्यात गंज धरतो. जूनच्या आधी त्या कडांना झिंक प्रायमरचा ब्रश फिरवा, खालच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, आणि सिम्युलेटर वापरात नसला तरी सगळे लिव्हर अधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवत राहा.